कळसू का निघून गेली?



अकोले तालुक्यातले कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. नवरात्रात बाया वर चढून देवीची ओटी भरतात. एका आख्यायिकेप्रमाणे कळसू ही कोळ्याची मुलगी. पायथ्याच्या इंदोरे गावी ती एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, ही तिची अट. एके दिवशी तेच काम सांगितले. तिने ते केले, मग डोंगरावर गेली ती कायमचीच.

भांडी घासल्याची जागा लोकांनी लक्षात ठेवली. जाताना ती काय म्हणाली, ते मात्र कथेत नाही. कळसूची देवी झाली, पण कामवालीचे गाऱ्हाणे हरवले.

उत्पत्तीच्या 16व्या अध्यायातली हागारही घर सोडून पळालेली दासी. देवदूत तिला आधी विचारतो, कोठून आलीस, कोठे चाललीस? मग ती स्वतःच्या तोंडाने कारण सांगते.

वस्तीवर एखाद्या सुनेला ‘बाहेरचं लागलंय’ असे म्हणतात, तेव्हा मी तिच्याजवळ बसते. झोप किती मिळते, पोटभर जेवतेस का, कोणी मारते का, हे विचारते. उत्तरासाठी कधी तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात.

मनन करा : आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आपण शेवटचे काय विचारले?