लेथवरचे लाकूड किती वेगाने धावते?

भोवरा तुम्ही फिरवला असालच. पण तो तयार होतानाही फिरतच असतो! लाकूड कातून भोवरे, लाटणी, पाळण्याचे दांडे करणाऱ्या कारागिराला कातारी म्हणतात. पूर्वी त्याचा मदतनीस दोरी ओढून लाकूड फिरवीत असे. आता टेबलावर मावणारा विजेचा छोटा लेथ ते काम करतो.

समजा, लेथ मिनिटाला १,५०० फेरे घेत आहे, म्हणजे सेकंदाला २५. लाकडाच्या प्रत्येक भागाचे फेरे तेवढेच. वेग मात्र सारखा नाही. भोवऱ्याच्या पोटाचा व्यास ६ सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे १८.८ सेंटिमीटर होतो. त्याला २५ ने गुणा. पटाशीसमोरून सेकंदाला ४.७ मीटर लाकूड सरकते. खाली आरीपाशी, जेथे व्यास १ सेंटिमीटर उरतो, तेथे जेमतेम ०.८ मीटर. नेमक्या मध्यावर तर वेग शून्य!

आता याच फेऱ्यांवर २० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा चढवा. छे, चढवू नका. फक्त गणित करा. त्याची कड सेकंदाला १५.७ मीटर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. धोका एवढ्यावर थांबत नाही. लाकूड सगळीकडे सारखे जड नसते. एखादी गाठही तोल बिघडवते. समजा, कडेची एक बाजू समोरच्या बाजूपेक्षा केवळ १० ग्रॅमने जड आहे. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला, की बल मिळते :

०.०१ × ०.१ × १५७ × १५७ = सुमारे २५ न्यूटन.

म्हणजे लेथच्या आसाला अडीच किलो वजनाइतका हिसका बसतो, आणि त्याची दिशा सेकंदात २५ वेळा पुरी फिरते. फेरे दुप्पट केले, तर हिसका चौपट, दहा किलोंचा! उलट ५०० फेऱ्यांवर तो पाव किलोपेक्षा थोडाच अधिक राहतो. म्हणून ओबडधोबड ठोकळा आधी सावकाश फिरवून गोल करतात, मग पट्टा दुसऱ्या पुलीवर घेऊन वेग वाढवतात.

शिक्षक जवळ असल्याशिवाय लेथ सुरू करू नका. डोळ्यांवर चष्मा हवा. सैल बाह्या, मोकळे केस आणि हातमोजे मात्र नकोत, कारण ते लाकडात गुंततात. पटाशीचा टेकू लाकडाच्या अगदी जवळ ठेवा. तो दूर असला, तर पटाशीचे टोक तरफेसारखे खाली दाबले जाते आणि मूठ हातातून उसळते. बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरा फिरवून पाहा. ते कोठेही अडता कामा नये.

पाळण्याच्या दांड्यांवरचे लाल-हिरवे पट्टेही या वेगाचेच काम. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर बसते. कर्नाटकात चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याचे पान दाबून तिला चकाकी आणतात.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. वाडग्याच्या कडेलाही भोवऱ्याच्या पोटाइतकाच, सेकंदाला ४.७ मीटर वेग हवा असेल, तर लेथ मिनिटाला किती फेऱ्यांवर ठेवाल? उत्तर ४५० च्या आसपास यायला हवे.