ऑर्डर तुम्ही दिलीच नव्हती

मार्चअखेरची धांदल होती. एका कापड दुकानात हिशेब बघणाऱ्या ताईंना इंग्रजीत मेल आला. तुमची ऑर्डर रवाना झाली आहे, 48,990 रुपये तुमच्या खात्यातून वळते होत आहेत, तपशील सोबत जोडला आहे. दुकानाने अशी ऑर्डर दिलीच नव्हती, आणि ताईंनी जोडलेली फाइल उघडली ती नेमकी त्यामुळेच. पैसे चुकून जात असतील तर थांबवायला हवेत, हा विचार मालकाच्या पैशाची काळजी असलेल्या माणसाचाच.

फाइल उघडली, पडद्यावर क्षणभर काहीतरी चमकलं आणि काहीच दिसलं नाही. ताई पुन्हा कामाला लागल्या. पुढे एका सकाळी टॅलीचा डेटा, बिलं, जीएसटीची कागदपत्रं, सगळंच उघडेनासं झालं आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम संगणकालाच खोचलेला असायचा. तोही लॉक झाला.

इचलकरंजीतल्या अशा दुकानांचे, कारखान्यांचे संगणक मी सांभाळतो. त्या दिवशी दुकानात जो तो ताईंना बोलत होता आणि मला त्याचाच फार राग आला. हे मेल अडाण्यांसाठी रचलेले नसतात. बिल, ऑर्डर, चलन उघडणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यासाठी ते असतात. घरी आलेल्या मेलमध्ये न मागवलेल्या महाग फोनचं बिल असतं, दुकानाला आलेल्या मेलमध्ये मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी असते: 'यादी जोडली आहे, आजच दर कळवा.' एकीकडे पैसे जाण्याची धास्ती, दुसरीकडे धंदा मिळण्याची आशा. घाई मात्र दोन्हीकडे सारखीच.

त्या मेलला एक झिप फाइल होती आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच दिला होता. ताईंना वाटलं, पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षितच असणार. खरं कारण उलटं आहे. पासवर्ड लावला की मेल सेवेच्या तपासणीला झिपच्या आत सहसा बघता येत नाही. आतल्या फाइलवर पीडीएफचं चित्र होतं आणि नावही 'पीडीएफ'वर संपत होतं, कारण त्यापुढचं 'डॉट ईएक्सई' विंडोज दाखवतच नव्हतं. ओळखीच्या प्रकारांचं एक्स्टेन्शन लपवून ठेवायचं, ही विंडोजची मुळातली मांडणी आहे. चित्र तर प्रोग्राम बनवणारा हवं ते लावू शकतो. मे 2000 मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरससुद्धा असाच साध्या मजकुराच्या फाइलचं सोंग घेऊन आला होता. इतक्या वर्षांनंतरही तीच सोय चोरांच्या कामी येते, हे मला अक्षम्य वाटतं. म्हणून कुठल्याही नव्या संगणकावर मी आधी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करतो. तुम्हीही आजच करा. बिल म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी ईएक्सई, जेएस, व्हीबीएस किंवा आयएसओ दिसलं, तर ते बिल नाही.

वर्ड-एक्सेलची तऱ्हा वेगळी. 'मजकूर दिसत नसेल तर एनेबल कंटेंट दाबा' असं कागदच सांगत असेल, तर तो कागद तिथेच बंद करा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो, म्हणजे त्या बटणाने चालू होणारे छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आपणहून रोखायला सुरुवात केली, पण जुनं ऑफिस वापरणारी दुकानं आजही पुष्कळ आहेत.

पाठवणाऱ्याचं नाव बघून विश्वास ठेवू नका. नाव कुणालाही कुठलंही लावता येतं. पत्ता बघा, पण त्यावरही विसंबू नका. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून बंद पाडलेलं इमोटेट हे घातक प्रोग्राम पसरवणारं जाळं चोरलेल्या खऱ्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून मेल पाठवायचं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा सुरूही झालं. म्हणून खात्री मेलबाहेर जाऊन करायची. खरेदीचा मेल असेल तर त्या दुकानाचं ॲप स्वतः उघडून 'माय ऑर्डर्स' बघा, बँकेचं खातं बघा. व्यापाऱ्याचा असेल तर आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. नवं गिऱ्हाईक असेल तर यादी मेलमध्येच लिहून मागा. खऱ्या गिऱ्हाइकाला त्याची अडचण वाटत नाही, हे मी अनेक दुकानांत पाहिलं आहे.

फाइल उघडली गेलीच, तर 'काहीच झालं नाही' असं समजून पुढे जाऊ नका. पुष्कळ प्रोग्राम गुपचूप ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड घेऊन जातात. लगेच वायफाय बंद करा, केबल काढा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हेही करा, नाहीतर चोरलेल्या लॉगिनवर चोर आतच राहू शकतो, ओटीपी असूनसुद्धा. पैसे गेले असतील तर तत्काळ 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मेल पुसू नका, तो पुरावा आहे. मालकांना एवढंच सांगेन, की ओरडा बसेल या भीतीने माणूस गप्प राहिला तर हे सगळं करायला हाती असलेला वेळच वाया जातो.

बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा. आणि फाइली लॉक झाल्याच, तर खंडणी देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम'वर बघा. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात काही प्रकारच्या कुलपांच्या चाव्या फुकट मिळतात. आज मिळाली नाही तरी लॉक झालेल्या फाइलींची प्रत जपून ठेवा. काहींची चावी उशिरा सापडते.