कोरफडीची पाने रंग का बदलतात?

वसतिगृहाच्या व्हरांड्यात ओळीने मांडलेल्या कोरफडीच्या कुंड्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. दहावीची परीक्षा आटोपून घरी निघालेल्या मुलाच्या हाती मूळ झाडालगत फुटलेले एखादे पिल्लू द्यावे, असा आमचा परिपाठ आहे. पुढे कोणी चाळीतल्या खिडकीतून, कोणी अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून विचारतो, "सर, पाने पिवळी पडली, पाणी वाढवू का?" या प्रश्नाचे उत्तर एकदा मी स्वतःच चुकीचे दिले होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

सातवीत नव्याने दाखल झालेल्या एका मुलाने आईने दिलेली कोरफड गावाहून डब्यात लावून आणली होती. श्रावणात तिची खालची पाने पिवळट होऊन लोंबू लागली. मी इतिहासाचा शिक्षक. पान लोंबले म्हणजे झाड तहानले, एवढाच अर्थ मी लावला आणि रोज तांब्याभर पाणी घालण्यास सांगितले. त्याने ते नेमाने घातले. आठवडा उलटल्यावर झाड बुंध्यापासून निखळून त्याच्या हातात आले. बुंधा काळा पडला होता व त्याला कुजकट वास येत होता. मुलगा काही बोलला नाही. "सर, तुम्हीच सांगितले होते," असे तो म्हणाला असता, तर मला अधिक बरे वाटले असते.

इतिहासाच्या वर्गात एका साधनावर विसंबू नका असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आणि येथे मात्र रंग या एकाच साक्षीदारावर निवाडा दिला. पान बोटांनी दाबून पाहिले असते, तर ते मऊ व पाणथळ लागले असते. डब्याला खाली छिद्र नाही, हेही दिसले असते.

कोरफड मूळची अरबस्तानातील कोरड्या डोंगराळ भागातली. तिचे जाड पान म्हणजे पाण्याचे कोठार. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. कोरफडीची रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरते. त्यामुळे पाणी फारच थोडे उडून जाते. (या प्रक्रियेची एक आरंभीची नोंद आपल्याच देशातली आहे. कंपनी सरकारच्या चाकरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पानफुटीची पाने चाखून पाहिली, तेव्हा ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली. साधने नव्हती, तरी जीभ होती!) अशा काटकसरी झाडाला रोज पाणी दिले की मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि बुरशी त्यांना कुजवते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानलेले दिसते. माझी फसगत येथेच झाली.

तेव्हा रंगाआधी स्पर्श पाहावा. पिवळे आणि मऊ पान म्हणजे बहुधा पाणी अधिक. पातळ, आत वळलेले, सुरकुतलेले पान म्हणजे खरी तहान. माती दोन बोटे खोल कोरडी असेल, तर पोटभर पाणी द्यावे. पान तांबूस-तपकिरी झाले, पण कडक आहे, तर सावलीतले झाड एकदम कडक उन्हात नेले गेले असावे. तो रंग झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेला असतो. कुंडी सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवल्यास काही आठवड्यांत हिरवेपणा परततो. मात्र पांढुरके, वाळके डाग हे भाजल्याचे असतात, ते जात नाहीत. फिकट, लांबट, आडवी पडणारी पाने उजेड मागतात. टोके करपली आणि मातीवर पांढरा थर दिसला, तर बोअरच्या पाण्यातील क्षार किंवा अधिक झालेले खत हे कारण असू शकते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसावेत आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. सर्वांत खालचे एखादेच पान सुकले, तर ते म्हातारपण आहे, त्यावर औषध शोधू नये.

मुळे कुजली असतील, तर झाड उपटण्यास भिऊ नये. माती झाडून काळी, बुळबुळीत मुळे स्वच्छ ब्लेडने कापावीत. पांढरी, टणक मुळे ठेवावीत. मग झाड तीन-चार दिवस सावलीत उघडेच ठेवावे, म्हणजे जखम सुकते. अनेकांना हे निर्दयपणाचे वाटते, परंतु ओल्या जखमेनिशी लावलेले झाड पुन्हा कुजते. माती व जाड वाळू निम्मी-निम्मी घ्यावी, विटेचे बारीक तुकडे मिसळावेत, छिद्र असलेली मातीची कुंडी घ्यावी आणि लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. पावसाळ्यात कुंडी सरींपासून आत घ्यावी. मऊ होऊन पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. सुधारणा मधल्या नव्या पानात पाहावी. आणि खराब पानाचा गर पोटात घेऊ नये. सालीलगतचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो.

त्या मुलाच्या डब्यात, कुजलेल्या बुंध्याशेजारी, करंगळीएवढे एक पिल्लू सापडले. त्याला दोन पांढरी मुळे होती. आम्ही दोघांनी ते वाळूमिश्रित मातीत लावले. पाणी केव्हा द्यायचे, हे त्या वेळी त्याने ठरवले. व्हरांड्याच्या दाराजवळची पहिली कुंडी ती हीच. तिची पिल्ले आता तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आहेत.