वीजतारांचे राखणदार

भिंतीवरील बटन दाबताच दिवा लागतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की त्या दिव्यासाठी कोणाचे हात राबतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. वादळी रात्री गाव अंधारात बुडाले, म्हणजे मात्र आपल्याला लाईनमनची आठवण होते.

१९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन झाले. तेव्हापासून राज्याच्या बहुतेक भागांत घरोघरी वीज पोहोचविण्याचे काम महावितरण कंपनी करते. तिचे लाईनमन पावसापाण्याची पर्वा न करता बिघाड शोधीत फिरतात.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. गावाबाहेरील तारांतून मात्र ती ११,००० किंवा २२,००० व्होल्ट दाबाने वाहते. शिवाय वीज डोळ्यांना दिसत नाही. प्रवाह असलेली तार व नसलेली तार सारखीच भासते. म्हणूनच या कामात धाडसापेक्षा शिस्तीचे मोल अधिक. खांबावर चढण्यापूर्वी लाईनमन उपकेंद्रातून प्रवाह बंद करवून घेतो व तसा लेखी परवाना मिळवितो. त्यावरही विसंबून न राहता तो तारेची तपासणी करतो आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तारा जमिनीशी जोडतो. ज्याने परवाना घेतला, त्यानेच सर्व सोबती खाली उतरल्याची खात्री करून तो परत करावयाचा. तोवर उपकेंद्रातील माणसाने, कितीही निकड असली तरी, प्रवाह सुरू करावयाचा नाही. एकाचा जीव असा दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळीपोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. करोनाची साथ चालू असतानाही इतर जिल्ह्यांतील कर्मचारी मदतीस धावले आणि भर पावसात त्यांनी खांब पुन्हा उभे केले.

या कामात आपलाही वाटा आहे. वीज गेल्यावर मुख्य कळ बंद न करताच कोणी घरातील तारांना जनित्र जोडले, तर ती वीज उलट दिशेने खांबाकडे जाते. रोहित्रात तिचा दाब वाढतो आणि बंद समजलेली तार प्राणघातक होते. आपल्या क्षणभराच्या निष्काळजीपणाने कोणाच्या तरी घराचा आधार जाऊ शकतो.

दिवे येण्यास उशीर झाला, की आपण त्रागा करतो. पण त्या विलंबातील काही क्षण तार तपासण्यात गेलेले असतात. लाईनमनच्या घरीही कोणी त्याची वाट पाहत असते. ते क्षण आपण त्याला आनंदाने दिले पाहिजेत.