डोकं आपटलं, रविवारी खेळवू का?

प्रश्न : पकडीत आमच्या कबड्डी संघातल्या एकीचं डोकं आपटलं. शुद्ध हरपली नाही, पण गुण किती झाले हेच तिला आठवेना. रविवारी सामना आहे. – एक वाचक, मानकोली

उत्तर : खेळवू नका. हे कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, असू शकतं; त्यात शुद्ध हरपतेच असं नाही. सीटी स्कॅनही स्वच्छ येऊ शकतो. डॉक्टरांना दाखवा. पहिले 24 ते 48 तास आराम, मोबाइल कमी. हलकं चालायला हरकत नाही. आराम घरकामातूनही हवा, हे तिच्या घरच्यांना तुम्हीच सांगा! पुढे सराव पायरीपायरीने. पकडी सर्वांत शेवटी, डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. ‘मी बरी आहे’ यावर विसंबू नका, झोप आणि चिडचिडीबद्दल घरच्यांना विचारा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा गुंगी दिसली तर ताबडतोब 108.