खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने

कबड्डीच्या मैदानात किंवा मल्लखांबाखाली खांदा उतरलेला मुलगा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जुम्मादादांच्या व्यायाममंदिराने ज्या बडोदे शहरास अंग कमावण्याचा नाद लावला, तेथे हे दृश्य नवे नाही. हाड बसविले, चार दिवस हात गळ्यात बांधला, की काम झाले, अशी आपली समजूत असते. पण कोवळ्या वयात एकदा उतरलेला खांदा पुष्कळदा पुन्हापुन्हा उतरतो आणि शेवटी शस्त्रक्रियेची वेळ येते. ती एका दिवसात आटोपते. तिचे फळ मात्र पुढील सहा महिन्यांच्या वागणुकीवर अवलंबून असते.

प्रथम सांध्याची रचना पाहू. खुब्याचा व खांद्याचा सांधा आम्ही वर्गात ‘उखळीचे सांधे’ म्हणून एकत्रच शिकवितो. पण खुब्याची उखळ खरोखरीच खोल असते, खांद्याची म्हणजे निव्वळ उथळ बशी. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो, म्हणूनच हात चोहोंकडे फिरतो आणि म्हणूनच तो निसटतोही. बशीच्या काठाला एक चिवट कड असते, तिला सांध्याचे बंध जोडलेले असतात, आणि भोवतालचे चार स्नायू गोळ्याला बशीत दाबून धरतात. हात वर व बाहेर फिरलेला असताना हिसका बसला, की गोळा बहुधा पुढे निसटतो व जाताना ती कड हाडापासून उपटतो. इंग्रज शल्यवैद्य ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ साली या उपटलेल्या कडेकडे लक्ष वेधले. ती पुन्हा हाडास टाचण्याच्या शस्त्रक्रियेस आजही त्यांचेच नाव आहे. हल्ली ती बहुधा दुर्बिणीतून करतात. बशीचे हाडच फार झिजले असेल, तर फ्रेंच शल्यवैद्य लातार्जे यांनी १९५४ साली वर्णिलेल्या रीतीने जवळच्या हाडाचा तुकडा तेथे स्क्रूने बसवितात.

आता मुख्य मुद्दा. धागा कड नुसती धरून ठेवतो. तिला हाडाशी जोडण्याचे काम शरीरच करते, आणि त्यास सुमारे बारा आठवडे लागतात. दुखणे मात्र तीन-चार आठवड्यांतच ओसरू लागते. सारा घोटाळा येथे होतो.

आमच्या एका विद्यार्थ्याचे असेच झाले. अकरावीतला मुलगा, चढाईत तरबेज. दुसऱ्यांदा खांदा उतरल्यावरही त्यास सामन्यात उतरविणारे आम्हीच होतो, हे येथे सांगितले पाहिजे. तिसऱ्या वेळी वडिलांनी उसनवारी करून शस्त्रक्रिया करविली. तिसऱ्या आठवड्यात घरी लग्न निघाले. याने झोळी काढून ठेवली आणि खुर्च्या उचलल्या. खांद्यात कळ आली. सुदैवाने टाके शाबूत होते, पण पोरगा असा धसकला, की पुढे दोन महिने त्याने हात छातीपासून हलविलाच नाही. खांदा आखडला, भांग पाडता येईना. घाई आणि भीती या दोन्ही चुका एकाच मुलाने केल्या.

पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो. नेमका काळ शल्यवैद्य ठरवितात. पण झोळीत म्हणजे निश्चल नव्हे. बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवावयाचे. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. परवानगी मिळाली की निरोगी हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात लंबकासारखा सोडावा आणि अंग डोलवून त्यास झोके द्यावेत. हात आपण हलवावयाचा नाही, तो आपोआप हलला पाहिजे; ही खुबी मुलांना पटविणे कठीण जाते. हात बाहेरच्या बाजूस वळविणे या काळात वर्ज्य, कारण त्यानेच नव्या टाक्यांवर ताण पडतो.

झोळी सुटल्यावर उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरावी व निरोगी हाताने दुसऱ्यास वर न्यावे. भिंतीवर बोटे चढवावीत. येथे खवाट्याकडे, म्हणजे पाठीच्या पसरट हाडाकडे, विसरू नये. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश सांध्यातून व ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून येतात. खवाटा दुबळा असला तर मान आखडून हात वर ढकलला जातो. म्हणून दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे ओढण्याचा साधा व्यायाम बसल्याबसल्या करीत जावा.

बळ वाढविण्याचे काम बहुधा बाराव्या आठवड्यानंतर. कोपर बरगडीशी, काखेत टॉवेलची घडी, आणि रबरी पट्टा ताणून पंजा हळूहळू बाहेर-आत. जोर भिंतीवर, मग टेबलावर, मग जमिनीवर. सूर्यनमस्कारात आणि नमाजाच्या सजद्यात भार तळहातांवर येतो. तोवर नमाज खुर्चीवर बसून पढावी. व्यायामानंतरची ठणक दुसऱ्या दिवशीही राहिली तर मात्रा जास्त झाली असे समजावे. ताप, जखमेतून स्राव, किंवा दंडाच्या बाहेरील बाजूस बधिरपणा आला तर व्यायाम सोडून डॉक्टरांकडे जावे.

झटापटीचे खेळ साधारण सहा महिन्यांनंतर, तेही दोन्ही खांद्यांचे बळ ताडून पाहिल्यावर. आमच्या विद्यार्थ्यास नऊ महिने लागले. शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीनदा आम्ही त्यास फिजिओथेरपिस्टकडे नेत होतो. आता हात पूर्ण वर जातो. यंदा संघात यावे की नाही, हे ठरलेले नाही. आई नको म्हणते, तो हो म्हणतो, आणि या खेपेस आम्ही त्यास काहीच सांगितलेले नाही.