रेडॉन वायू आणि घराचे बांधकाम

घर बांधताना ऊन, पाऊस, ओल आणि वाळवी यांचा विचार सर्वजण करतात. जमिनीतून अथवा भिंतींतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा विचार मात्र क्वचितच होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. म्हणूनच तो काय आहे व त्याला अटकाव कसा करावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रेडॉन कोठून येतो?

खडक आणि माती यांत युरेनियमचा अल्प अंश असतो. त्याच्या क्षयातून रेडियम व रेडियमपासून रेडॉन निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असते. मोकळ्या हवेत तो विरून जातो. बंद खोलीत साठतो. त्यापासून तयार होणारे पोलोनियमसारखे घन कण श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल रेडॉनचा क्रम लागतो. घरातील प्रमाण शक्यतो दर घनमीटरला १०० बेकरेलपर्यंत असावे व कोणत्याही परिस्थितीत ३०० च्या पुढे जाऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये केली.

स्वीडनचा अनुभव

बांधकाम साहित्याची निवड चुकली तर काय होते, याचे बोलके उदाहरण म्हणजे स्वीडनमधील ‘निळे काँक्रीट’. १९२९ पासून तेथे एका जातीच्या शेल खडकापासून हलके, सच्छिद्र काँक्रीट तयार होऊ लागले. ते वजनाला हलके होते, थंडी रोखत असे आणि लाकडाप्रमाणे कुजत नसे. साहजिकच ते लक्षावधी घरांत वापरले गेले. परंतु त्या खडकात युरेनियमचे प्रमाण अधिक होते. बेंग्ट हुल्टक्विस्ट यांनी घरांतील किरणोत्सर्गाची मोजमापे १९५६ मध्येच प्रसिद्ध केली होती. तथापि उत्पादन चालूच राहिले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविण्यात आल्या. हवा खेळती राहिली नाही आणि रेडॉन साठू लागला. १९७५ मध्ये उत्पादन थांबले, पण उभ्या भिंती तशाच राहिल्या. अशा घरांत वायुवीजन वाढविणे हाच मुख्य उपाय उरला.

साहित्याची पारख

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम तुलनेने अधिक, तर बेसाल्टमध्ये कमी असते. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग बेसाल्टचा असल्याने येथील काळा दगड या दृष्टीने अनुकूल आहे. ओट्यावरील ग्रॅनाइटच्या फरशीमुळे पडणारी भर सामान्यतः नगण्य असते. खत कारखान्यांतील फॉस्फोजिप्सममध्ये मात्र रेडियम उतरते. त्याच्या बांधकामातील वापराविषयी अणुऊर्जा नियामक मंडळाने २००९ मध्ये निर्देश दिले आहेत. औद्योगिक अवशेषांपासून तयार केलेले साहित्य मोठ्या प्रमाणावर घेताना तपासणीचा दाखला मागणे इष्ट ठरते.

जोत्यातच बंदोबस्त

बहुतेक घरांत रेडॉनचा मोठा वाटा भिंतींतून नव्हे, तर जमिनीतून येतो. यासाठी जोत्यात सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर द्यावा. त्यावर जाड पॉलिथिनचा अखंड कागद जोडांवर जोड चढवून अंथरावा आणि मग काँक्रीट करावे. भिंत व जमीन यांचे सांधे, तसेच नळ शिरतात त्या जागा नीट बुजवाव्यात. खडीच्या थरातून एक नळी छपराच्या वर नेल्यास खाली साठणारा वायू बाहेर निघून जातो. भेगा पडलेल्या जुन्या कोब्याची डागडुजी करणे व समोरासमोर खिडक्या ठेवणे हेही उपयुक्त आहे. तळघरे आणि सदैव बंद असणाऱ्या वातानुकूलित खोल्यांकडे विशेष लक्ष पुरवावे.

शाळा, अंगणवाडी वा पंचायत कार्यालय यांची इमारत पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते. पॉलिथिनचा कागद आणि खडीचा थर यांचा खर्च जोते भरताना थोडाच असतो; तेच काम पुढे करायचे झाल्यास फरशी उखडावी लागते. म्हणून अंदाजपत्रक तयार होत असतानाच या बाबींची नोंद होणे आवश्यक आहे.